मास्तर मागे बघत नसत

मास्तर शिकवताना उलटे चालायचे. शिकणाऱ्याने क्लॅरनेट वाजवत नाकासमोर चालायचं आणि मास्तरांनी त्याच्याकडे तोंड करून, पाठीच्या दिशेने पावलं टाकत जायचं. नजर शिकणाऱ्याच्या बोटांवर. धुळ्यात पांझरेच्या काठाने सकाळी फिरायला येणाऱ्यांनी आम्हाला कितीतरी वेळा पाहिलं असेल. एक उंच, काटकुळा, पांढऱ्या दाढीचा माणूस उलटा चाललाय आणि त्याच्यासमोर दोन वेण्या घातलेली एक मुलगी वाजवत येतेय. नवखी माणसं थांबून बघत, नेहमीची वाट देत.

मागे वळून बघायचं नाही, हा मास्तरांचा नियम. मागचं सांगायचं काम शिकणाऱ्याचं, आणि तेही तोंडाने नाही, कारण तोंडात क्लॅरनेट. त्यांच्या पाठीमागे सायकल आली, म्हैस आली, गटाराचं झाकण उघडं दिसलं, की वरचा एक टोकदार सूर लावायचा. तो ऐकला की मास्तर जागच्या जागी थांबत, एक पाय हवेत तसाच. मी थोडी बाजूला सरकून वाट दाखवली की पुन्हा सुरू. वाजवायचं सोडून कुणी "मास्तर, म्हैस" असं ओरडलं तर ते ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि खुशाल म्हशीवर जात. एकदा गेलेही होते. म्हैस बिचारी बाजूला झाली, पण ओरडणाऱ्या पोराला मास्तरांनी पुढे बरेच दिवस शिकवलं नाही.

लोक त्यांना जरा सरकलेलेच समजायचे. मीही समजायचे. फरक इतकाच की मला ते आवडायचे.

मुळात मी त्यांच्याकडे गेले ती काही संगीताच्या ओढीने नाही. आमच्या आबांचं, म्हणजे वडिलांचं, बी-बियाणं आणि खतांचं दुकान होतं आणि त्याला लागूनच मास्तरांच्या बँडचं दुकान. एका शटरमध्ये युरियाच्या गोण्या, शेजारच्या शटरमध्ये पितळी वाद्यं आणि खुंट्यांना टांगलेले लाल कोट. आबांचा धंदा पेरणीचा, मास्तरांचा लग्नसराईचा. जूनमध्ये आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसे तेव्हा मास्तर रिकामे माशा मारत बसलेले असत. मग आबा म्हणायचे, "जा, मास्तरांकडे बस. इथे गोणी पडेल अंगावर." गोणी अंगावर पडू नये म्हणून मी क्लॅरनेट शिकले. हे मी आजकाल मुलाखतीत सांगितलं की लोक हसतात, त्यांना वाटतं मी विनय करतेय.

मास्तर मूळचे नशिराबादचे. बोलायचे अहिराणी, मधूनच हिंदी. ईदला शीरखुर्म्याचा डबा आमच्या दुकानात यायचा आणि दिवाळीला आमच्याकडच्या शेवेचा डबा त्यांच्याकडे जायचा, पण लग्नघरी ते पाण्याच्या घोटाशिवाय काही घ्यायचे नाहीत. "ज्यानं वाजाडनं, त्यानं खानं नही," म्हणायचे. का, ते कधी सांगितलं नाही. यावलकडच्या लग्नाची सुपारीही घेत नसत. केळीच्या बागांची ओलसर हवा पत्तीला लागते, असं त्यांचं म्हणणं. पत्ती म्हणजे क्लॅरनेटच्या मुखाला बांधलेली बोरूची पातळ पट्टी. सगळा आवाज तिच्यातून निघतो. पत्ती कोरडी पडली तर वाद्य किंचाळतं आणि फार भिजली तर गुळण्या करतं. मास्तर स्वतःच्या तब्येतीपेक्षा पत्तीची तब्येत जास्त सांभाळायचे.

आणि चिंचेचं प्रकरण तर सांगायलाच हवं. बँडवाल्यांचा हा जुना छळ आहे. वरात निघाली की गावातली टारगट पोरं क्लॅरनेटवाल्याच्या पुढ्यात येऊन मिटक्या मारत चिंच चोखतात. बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं, ते पत्तीत उतरतं आणि भर वरातीत सूर बुडबुडायला लागतो. पोरं खूश. मास्तर अशा पोरांच्या हातातल्या चिंचा वाजवता वाजवता हिसकावून कोटाच्या खिशात कोंबायचे. लग्नसराईत त्यांचे दोन्ही खिसे कायम फुगलेले.

या जप्त केलेल्या चिंचा मग आमच्या शिकवणीत यायच्या. उलटं चालता चालता मास्तर खिशातून एक काढणार, माझ्या डोळ्यांसमोर धरणार आणि डोळे मिटून, गाल आत ओढून अशी काही चोखणार की माझ्या कानशिलापर्यंत कळ जायची. थांबायचं नाही, गिळायचं नाही, तोंड फिरवायचं नाही. "पानी येवू दे," म्हणायचे, "तू नको थांबू. पाय थांबना की दम थांबना." पहिलं वर्षभर मी चिंच दिसली की रडायचे. पुढे पुढे असं झालं की पाणी सुटायचं आणि सूर मात्र तसाच राहायचा. खरं तर मास्तरांना चिंच सोसतच नसे. एक चोखली की त्यांचे दात असे आंबायचे की दिवसभर भाकरी चावता यायची नाही, दुधात कुस्करून गिळावी लागायची. तरी शिकवणीच्या दिवशी ते चोखायचेच.

सातवी संपत आली तेव्हा आईच्या माहेरच्या एका नातलगाने जळगावच्या एका निवासी संगीत शाळेची माहिती मोबाइलवर पाठवली. आठवीपासून पुढे तिथेच राहायचं, दिवसाचा मोठा भाग संगीताला आणि बाकीचे विषय परीक्षेपुरते. आईने ती मला वाचून दाखवली आणि माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही.

आबांच्या डोक्यात मात्र दुसरं होतं. खताच्या आणि औषधाच्या दुकानाच्या लायसनला शेतीची पदवी लागणार, जुन्या लोकांचंही काही खरं नाही, अशी तेव्हा बाजारात चर्चा होती. आबा दहावीपर्यंत शिकलेले. त्यांना मी एकटीच. हायस्कूल, मग सायन्स, मग कृषी कॉलेज, मग दुकानाच्या पाटीवर माझं नाव, असा त्यांनी माझा पुढचा सगळा रस्ता मनात आखून ठेवला होता. ते काही दुष्ट बाप नव्हते. उलट दुकानावर मुलीचं नाव लावायचं म्हणणारा तो त्या ओळीतला एकटाच माणूस होता. म्हणून त्यांच्याशी भांडताना मला धड चिडताही येईना.

"वाजवायचं तर वाजव," आबा म्हणाले. "पण हायस्कूलला जा. आठवीपासून क्लास लागतील, मग ते बंद करावं लागेल, ते आत्ताच सांगून ठेवतो."

म्हणजे हायस्कूलला गेले तर क्लॅरनेट सुटणार, आणि जळगावला गेले तर मास्तर. मी तेरा वर्षांची होते. दोन्हीकडून काहीतरी जाणारच आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि कळल्यावर जेवणावरची वासना उडाली.

शेवटी आई मध्ये पडली. मला तिथल्या प्रवेश परीक्षेला तरी बसू द्यावं, एवढं तिने आबांकडून कबूल करून घेतलं. "घेतलं तर जाऊ दे, मी आडवा येणार नाही," आबा म्हणाले. घेणार नाहीत याची त्यांना खात्री होती. तरीही त्यांनी आपल्याकडून बंदोबस्त केलाच. एका दुपारी मी गोण्यांच्या मागे बसले होते आणि आबा मास्तरांना चहा पाजत होते.

"मास्तर, पोरगी माझं ऐकत नाही. तुमचं ऐकते. तुम्ही सांगा तिला, तिथे जाऊ नको म्हणून."

मास्तरांनी बशी खाली ठेवली. मला वाटलं, आता नाही म्हणतील.

"सांगस मी," मास्तर म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, नदीकाठी, उलटं चालत त्यांनी सांगितलंही. "बेटा, नको जाऊ तठे. तठे बसाडतस. गादीवर बसाडतस आणि वाजाडाले सांगतस. बसीसन कोनले दम पुरस?" मी वाजवणं थांबवलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी वाजवत होते. मला फार राग आला होता. मास्तरांचा, आबांचा, त्या चहाच्या बशीचासुद्धा. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. परीक्षेच्या दिवशी येणार का, असं विचारलं तर म्हणाले, नशिराबादला सकाळची वरात आहे, जमणार नाही.

परीक्षा मे महिन्यात होती. धुळ्याहून पहाटेची एसटी पकडून मी आणि आई निघालो. पारोळ्यापर्यंत मी क्लॅरनेटची पेटी मांडीवर घट्ट धरून बसले होते. एरंडोलला आईने दशमी पुढे केली, मी मान फिरवली. जळगावला उतरलो तेव्हा उन्हाचा नुसता जाळ होता. शाळेच्या व्हरांड्यात मुलं-मुली रांगेने बसलेली. कुणाच्या हातात सतार, कुणाचा तबला गवसणीत, बाकीचे गाणारे. ते सगळे जमिनीवर मांडी घालून इतके सहज बसले होते की मला आपण चुकून दुसऱ्याच्या लग्नात शिरलोय असं वाटलं. क्लॅरनेटवाली मी एकटी.

नाव पुकारलं. आत एक चष्मेवाले वयस्क गृहस्थ आणि एक बाई होत्या. खोलीचं दार उकाड्यामुळे उघडंच होतं. आई बाहेर व्हरांड्यात थांबली.

"बैस," बाई म्हणाल्या आणि गादीकडे बोट दाखवलं.

मी बसले. आयुष्यात एकदाही मी बसून वाजवलं नव्हतं. मांडी घातली तर क्लॅरनेटचं तोंड गुडघ्यात जायला लागलं. पोट दुमडलं. श्वास नेहमी जिथून यायचा तिथे आता मांडी होती. उभं राहू का, असं विचारायचं धाडस झालं नाही.

"काय वाजवणार?" गृहस्थांनी विचारलं.

"बिदाईचं."

"राग कोणता?"

मास्तर रागांची नावं सांगत नसत. हळदीचं, वरातीचं, बिदाईचं, एवढीच त्यांची नावं. बाईंनी गृहस्थांकडे पाहिलं. त्यात कुचेष्टा नव्हती, पण मला तेव्हा तसंच वाटलं.

"बरं, वाजव," त्या म्हणाल्या आणि तानपुऱ्याची पेटी माझ्या सुरावर लावून दिली.

मी क्लॅरनेट ओठांना लावला आणि लक्षात आलं की तोंडात थेंबभर ओल नाही. जीभ टाळूला चिकटली होती. पत्ती ओठावर लाकडासारखी. फुंकलं तर एक किंकाळी निघाली. पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. बाहेरची मुलं हसल्याचं ऐकू आलं. जीभ पत्तीवरून फिरवली, पण जिभेलाच पाणी नव्हतं. गृहस्थ म्हणाले, "घाबरू नको, सावकाश." ते असं म्हणाल्यावर तर उरलंसुरलं तोंडही वाळलं. मी मनात म्हटलं, संपलं. आबांचं हायस्कूल.

तेवढ्यात दारात लाल काहीतरी दिसलं. मास्तर. अंगात बँडचा लाल कोट, सोनेरी गोंडे, टोपी काखेत, बुटांवर धूळ. नशिराबादची वरात मांडवात पोहोचवून ते तसेच हायवेने आले असणार. व्हरांड्यातली पोरं त्यांच्या कोटाकडे बघत होती. आई उठून उभी राहिली होती. दाराच्या चौकटीला टेकून त्यांनी माझ्याकडे बघितलं, कोटाच्या खिशात हात घातला आणि चिंच काढली.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी जसंच्या तसं सांगते. मला वाटलं, हे मला पाडायला आलेत. आबांना शब्द दिला होता, मी ऐकलं नाही, म्हणून आता वरातीतल्या टारगट पोरांसारखे माझ्यासमोर चिंच खायला आलेत. मला कधी नव्हे एवढा राग आला. मास्तरांनी डोळे मिटले, गाल आत ओढले आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी मिटकी मारली.

आणि माझ्या कानशिलात कळ गेली.

पाणी सुटलं. जिभेच्या दोन्ही बाजूंनी, नळ सोडल्यासारखं. पत्ती भिजली. मी उठून उभी राहिले, कुणाला विचारलं नाही, आणि वाजवायला लागले. पाय आपोआप चालायला लागले. गादीवरून उतरून मी खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जात होते, वळत होते, आणि बिदाईचं वाजवत होते. बाई काहीतरी म्हणायला गेल्या, गृहस्थांनी हाताने थांबवलं. मला दिसत होतं सगळं, पण नजर मास्तरांवर होती. ते एकामागून एक चिंचा चोखत होते. चेहरा वेडावाकडा झालेला, डोळ्यांत पाणी. माझं वाजवून होईपर्यंत त्यांनी एकदाही तोंड फिरवलं नाही.

बाहेर आल्यावर मी पहिल्यांदा तेच विचारलं.

"मास्तर, चिंच का खाल्लीत?"

"भूक लागेल व्हती," मास्तर म्हणाले.

आईने लगेच पिशवीतून दशम्या काढल्या. "दोन घास खाई ल्या, मास्तर. सकायपासून उपाशी शेत तुम्ही." मास्तरांनी दशमी घेतली. तुकडा मोडला, तोंडात घातला आणि तसेच थांबले. चावता येत नव्हतं. दात आंबून गेले होते. त्यांनी दाढीवरून हात फिरवला, आम्हा दोघींची नजर चुकवली आणि तो तुकडा कसाबसा पाण्याबरोबर गिळला. उरलेली दशमी रुमालात बांधून खिशात ठेवली. आई त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग पदराने तोंड पुसायच्या निमित्ताने दुसरीकडे वळली.

दुपारी आईला आत बोलावलं. मला घेतलं होतं. गृहस्थ म्हणाले, मुलीला श्वास चांगला आहे. मग त्यांनी अट सांगितली. क्लॅरनेट इथे शिकवत नाहीत, बासरी घ्यावी लागेल. दोन्हीची फुंक निराळी, त्यामुळे सुरुवातीला क्लॅरनेटला हातसुद्धा लावायचा नाही. आणि बसायला शिकावं लागेल. सोमवारपर्यंत कळवा.

परतताना मास्तर आमच्याच गाडीने आले, पण पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसले. लाल कोट मला सगळा रस्ताभर दिसत होता.

आबांना कळलं तेव्हा ते तडक शेजारी गेले. भिंत पातळ होती, सगळं ऐकू येत होतं.

"तुम्ही शब्द दिला होता, मास्तर."

"दिधा व्हता भाऊ. सांगं मी तिले. तिनी ऐकं नही."

"मग जळगावला कशाला गेलात?"

आबांचा आवाज चढला. "तुमचं काय जातं? माझं दुकान बुडेल. माझ्यानंतर कोण आहे?" तेव्हा मास्तर इतकंच म्हणाले, "मनानंतर बी कोन शे, भाऊ?" डीजे आल्यापासून बँडच्या सुपाऱ्या निम्म्यावर आल्या होत्या आणि मास्तरांकडे माझ्याशिवाय शिकायला कुणी उरलं नव्हतं. हे मला माहीत होतं, पण त्या भिंतीपलीकडून ऐकेपर्यंत मी त्याचा विचारच केला नव्हता.

आबांनी शब्द फिरवला नाही. घरी येऊन म्हणाले, "मी आडवा येणार नाही म्हटलं होतं. आता तूच ठरव." एवढं बोलून जेवायला बसले आणि अर्ध्या ताटावरून उठले. त्यांनी ओरडून नाही म्हटलं असतं तर मला किती सोपं गेलं असतं. बासरी मला नको होती. मला क्लॅरनेट हवा होता आणि तो दोन्हीकडे नव्हता. एक शाळा म्हणत होती, वाद्य सोड पण सूर ठेव. दुसरी म्हणत होती, सगळंच ठेवून दे, दुकान सांभाळ. रविवारी सकाळी मी नदीकाठी गेले तेव्हा माझं काहीच ठरलं नव्हतं.

मास्तर नेहमीसारखे उलटे चालायला लागले. मी वाजवत होते, वाईट वाजवत होते. लहान पूल जवळ आला. पुलावर रहदारी असायची, म्हणून आम्ही दररोज त्याच्या अलीकडूनच वळायचो. मी थांबले. क्लॅरनेट खाली घेतला. मास्तरांसमोर वाजवणं सोडून मी पहिल्यांदाच तोंडाने बोलले.

"मास्तर, तुम्हीच सांगा. कुठे जाऊ?"

मला वाटलं, ऐकून न ऐकल्यासारखं करतील. पण ते थांबले.

"माले काय इचारस? मी उलटा चालस. माले फक्त तू दिखस. रस्ता तुले दिखस." मग म्हणाले, "मांगे काय शे, सांग."

"पूल आहे."

"वर चढू?"

मी पुलाकडे पाहिलं. एक ट्रॅक्टर चालला होता, दोन दूधवाले, त्यांच्या मागे रिकामा रस्ता. आबांचं अर्धं टाकलेलं ताट डोळ्यांपुढे आलं, आणि मास्तर, टाच उचलून, मी काय म्हणते याची वाट बघत उभे.

"चढा," मी म्हटलं.

मास्तर उलटे पूल चढायला लागले. मी क्लॅरनेट तोंडाला लावला आणि त्यांच्यासमोरून वाजवत निघाले. ट्रॅक्टरसाठी एकदा इशाऱ्याचा सूर लावला, ते थांबले, मी बाजूला वळवलं, पुन्हा चालू. पलीकडच्या काठाला उतरेपर्यंत आम्ही दोघंही थांबलो नाही. घरी जाऊन मी आबांना सांगितलं, जळगावला जाते. "मग लायसन?" असं ते एकदाच म्हणाले, हळू आवाजात, स्वतःशीच म्हणावं तसं. मी तेव्हा खूप रडले, पण जाते म्हटलं ते बदललं नाही.

मी निघाले त्या दिवशी पेरणीची गर्दी होती. आबांना दुकान सोडता येईना. ते शटरच्या पायरीपर्यंत आले, हात खताने पांढरे झालेले, म्हणून मनगटाची उलटी बाजू माझ्या डोक्यावर टेकवली आणि आत गेले. आई आधीच अंथरूण-पांघरूण घेऊन जळगावला नातलगाकडे गेली होती. एसटी स्टँडपर्यंत माझी कपड्यांची पेटी मास्तरांनी खांद्यावर घेतली. त्यांचे दिवस रिकामेच होते. क्लॅरनेट मी आदल्या संध्याकाळी त्यांच्या दुकानात परत दिला होता, त्यांचाच होता तो. खांद्यावर पेटी असल्याने त्या दिवशी त्यांना उलटं चालता आलं नाही. मी त्यांच्या पाठीकडे बघत चालले होते. ती पाठ मला अनोळखी होती.

पेटी त्यांनी गाडीत चढवली, खिडकीखाली उभे राहिले. मी काहीतरी बोलायला गेले, तर म्हणाले, "बसीसन वाजाडशी, तरी पाय चालू ठेवजो." गाडी सुरू झाली. गाडी स्टँडमधून वळून बाहेर पडेपर्यंत मी मागच्या काचेतून बघत होते. मास्तर फाटकाकडे निघाले होते, सरळ, चारचौघांसारखे, पण पुढची जमीन पायाने चाचपत. मध्येच ते थबकले. समोरून काही येत नव्हतं. एक पाय तसाच हवेत, कुणीतरी इशाऱ्याचा सूर लावल्यासारखे थांबले. मग तो पाय त्यांनी खाली टेकवला, आणि मास्तरांनी मागे वळून बघितलं.